वर्गातलं स्थान आणि डोक्यातला विचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमध्ये समुपदेशन करताना पालक, शिक्षक आणि कधीकधी मुलं स्वतः जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. साधारण सहावी ते बारावीची मुलं डोळ्यांपुढे आहेत. तेच तेच पुन्हा लिहावं लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'वर्गातलं स्थान' म्हणजे लोकप्रियताच ना?

बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. एखाद्या वर्गाला दोन प्रश्न विचारून पाहा: 'तुला कोण आवडतं?' आणि 'वर्गात कुणाचा भाव जास्त आहे?' दोन्ही याद्यांत काही नावं सारखी निघतील, पण याद्या वेगळ्या असतील. पहिलीत येतात वही देणारी, ऐकून घेणारी, खेळात रडीचा डाव न खेळणारी मुलं. दुसरीत येतात ती, ज्यांच्या कपड्यांची आणि बोलण्याची नक्कल होते, ज्यांना 'नाही' म्हणायला बाकीचे घाबरतात. लहान वर्गांत या याद्या बऱ्यापैकी जुळतात. सातवी-आठवीपासून त्यांची फारकत होऊ लागते.

हे मोजायची रीत जुनी आहे. जेकब मोरेनो यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन इथल्या मुलींच्या संस्थेत कोण कुणाला निवडतं याचे नकाशे काढले आणि १९३४ साली ते पुस्तकरूपाने आले. आपल्याकडे बीएडला 'समाजमिती' म्हणून शिकवतात ते हेच. १९८२ मध्ये कोई, डॉज आणि कोपोटेली या अमेरिकी संशोधकांनी 'आवडतं' आणि 'आवडत नाही' अशा दोन्ही नोंदी एकत्र करून मुलांचे पाच गट पाडले: आवडती, नाकारलेली, दुर्लक्षित, वादग्रस्त (काहींना फार हवीशी, काहींना अगदी नकोशी) आणि मधली. यातल्या 'नाकारलेलं' आणि 'दुर्लक्षित' या दोन शब्दांतला फरक लक्षात ठेवा. प्रश्न ११ त्यावरच आहे.

२. आणि विचारक्षमता म्हणजे आयक्यू?

आयक्यू हा तिचा एक भाग. इथे मला जास्त महत्त्वाची वाटते ती रोज वापरात येणारी क्षमता. डोक्यात एक छोटी पाटी असते. गणिताची मधली पायरी, बाईंनी सांगितलेल्या तीन सूचना, समोरच्याचं अर्धं वाक्य हे सगळं आपण काही सेकंद तिच्यावर धरून ठेवतो. ती पाटी किती मोठी आहे, मनातल्या पहिल्या उसळीला आवर घालता येतो का, एक वाट चुकली की दुसरी धरता येते का, या तीन गोष्टी. चौथी म्हणजे समोरच्याच्या जागी उभं राहून पाहता येणं. ही क्षमता वयात येताना पूर्ण झालेली नसते. सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांच्या एका प्रयोगात दुसऱ्याची नजर ध्यानात ठेवून वस्तू निवडायच्या होत्या. तिथे सतरा वर्षांपर्यंतची मुलंसुद्धा प्रौढांपेक्षा जास्त चुकली.

३. ज्या मुलांचा वर्गात भाव आहे, ती जास्त हुशार असतात का?

तसं म्हणता येत नाही. 'आवडतं असणं' आणि समोरच्याच्या मनातलं ओळखता येणं यांचा संबंध आढळतो, पण तो लहान आहे आणि मुख्यतः लहान मुलांवरच्या अभ्यासांतून आला आहे. 'भाव असणं' आणि हुशारी यांचं तर ठरलेलं नातंच नाही. एखाद्या शाळेत क्रिकेट खेळणाऱ्याचा भाव असतो, एखाद्या शाळेत ऑलिंपियाडवाल्याचा.

४. माझी मुलगी हुशार आहे, पण मैत्रिणींसमोर मुद्दाम कमी हुशार असल्यासारखं वागते. असं का?

तिला वर्गाचा नियम कळला आहे म्हणून. जेम्स कोलमन यांनी अमेरिकेतल्या दहा शाळांचा अभ्यास करून १९६१ मध्ये दाखवलं की मुलांच्या आपसांतल्या जगात मान कशाला द्यायचा हे मुलंच ठरवतात. मोठ्यांच्या गुणपत्रिकेशी त्याचा मेळ असतोच असं नाही. तिथल्या मुलग्यांना उत्तम विद्यार्थी म्हणून लक्षात राहण्यापेक्षा उत्तम खेळाडू म्हणून लक्षात राहायचं होतं.

आपल्याकडे 'स्कॉलर' आणि 'घासू' हे दोन शब्द ऐकून पाहा. मार्क तेवढेच, पण पहिल्यात कौतुक आहे आणि दुसऱ्यात टोमणा. कष्ट दिसले की घासू, दिसले नाहीत की स्कॉलर. म्हणून पहाटे चारला उठलेली मुलगीसुद्धा परीक्षेच्या दारात 'माझं काहीच झालं नाही गं' म्हणते. तिला खोटारडी म्हणू नका. तिची आकलनशक्ती उत्तम चालली आहे, फक्त ती दोन आघाड्यांवर लढते आहे. काळजी कधी करायची? सोंग वर्गापुरतं न राहता जेव्हा ती अवघड प्रश्न सोडवणंच सोडून देते, तेव्हा. तिच्याइतकाच अभ्यास आवडणारी एखादी मैत्रीण मिळाली, मग ती दुसऱ्या तुकडीतली किंवा दुसऱ्या शाळेतली का असेना, की हे सोंग बरंचसं गळून पडतं.

५. मुलाला ग्रुपमधून काढलं. तेव्हापासून अभ्यासात लक्ष नाही, पाढे-सनावळ्या येतात पण शाब्दिक उदाहरणं जमेनात. याचा त्याच्याशी संबंध असेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. उत्तर आहे: हो, असू शकतो. पाढे येतात आणि उदाहरणं जमत नाहीत हे निरीक्षण तर फार नेमकं आहे.

रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना व्यक्तिमत्त्व चाचणीचा खोटा निकाल दिला की 'तुम्ही पुढच्या आयुष्यात एकटे पडणार'. काहींना दुसरी वाईट बातमी दिली, की तुम्हाला अपघात फार होतील. मग परीक्षा घेतली. एकटेपणाची बातमी मिळालेल्यांचा तर्क ढासळला. साधं पाठांतर मात्र टिकलं. अपघाताच्या बातमीने असं झालं नाही. (नंतर सगळ्यांना खरं सांगण्यात आलं.) म्हणजे केवळ वाईट बातमीमुळे हे झालं नव्हतं. 'आपल्याला कुणी नाही' या विचाराने डोक्यातली जागा अडवली होती. पाठ असलेलं त्या गर्दीतूनही बाहेर येतं. ज्याला पाटी कोरी लागते, ते येत नाही.

दुसरा प्रयोग आणखी साधा आहे. किपलिंग विल्यम्स यांनी संगणकावर चेंडू झेलण्याचा खेळ बनवला. तिघं खेळतात, आणि थोड्या वेळाने दोघं आपसांतच चेंडू टाकू लागतात. एवढ्यानेसुद्धा, न पाहिलेल्या माणसांनी पडद्यावर चेंडू दिला नाही म्हणून, माणसं हिरमुसतात. हाच खेळ किशोरवयीन मुली आणि प्रौढ स्त्रिया यांना दिला, तेव्हा मुलींची मनःस्थिती जास्त खालावली. ज्याला गल्लीत कधी 'खेळायला घेतलं नाही', त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

वर्गात हे एकदाच घडत नाही. ग्रुपमधून काढलेलं मूल तासाला बसलेलं असतं, पण डोक्यात हिशोब वेगळाच चालू असतो: मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खाऊ, मागे हसले ते मला हसले का, प्रयोगशाळेत जोडी कुणाशी. त्यात भर म्हणजे ते हात वर करणं सोडतं, कारण चुकलं तर हसायला लोक तयार आहेत. एरिक बुहस आणि गॅरी लॅड यांनी लहान वर्गांतल्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहून हीच साखळी दाखवली: नाकारलं जाणं, मग त्रास किंवा वगळलं जाणं, मग वर्गातला सहभाग कमी, मग गुण कमी.

मग करायचं काय? आधी शिकवणी वाढवू नका. संध्याकाळचा तास वाढवला की ज्या मैदानावर नवे मित्र मिळाले असते तेच हातातून जातं. एक नातं उभं राहील असं बघा (प्रश्न १२), आणि शाळेत जोडी-गट पाडताना 'तुम्हीच निवडा' ही पद्धत काही काळ थांबवायला वर्गशिक्षकांना सांगा. एवढी एक विनंती केल्याने रोजचे दोन-तीन घाव वाचतात.

६. पण उलटंही असू शकेल ना? आधी लक्ष कमी, म्हणून मित्र दुरावले?

असू शकतं, आणि अनेकदा दोन्ही असतं. ज्याची पाटी लहान आहे किंवा ज्याला आवर घालणं जड जातं, ते मूल बोलण्यात मध्ये घुसतं, खेळाचे नियम विसरतं, गंमत आणि अपमान यांत गल्लत करतं. मुलं त्याला टाळतात. टाळल्यामुळे सराव कमी, काळजी जास्त, म्हणजे पाटी आणखी भरलेली. चक्र कुठून सुरू झालं हे शोधायला जुनी प्रगतिपुस्तकं काढा. 'वर्गात चुळबुळ करतो', 'सूचना अर्धवट पाळतो' असे शेरे पहिली-दुसरीपासून असतील तर लक्ष आणि आवर यांची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्यावी. शेरे चांगले होते आणि घसरण एका महिन्यात झाली, तर आधी वर्गात काय घडलं ते विचारा.

७. घरी समजूतदार असलेला मुलगा मित्रांबरोबर असला की ट्रिपल सीट, सिग्नल तोडणं. त्याला अक्कल नाही का?

अक्कल आहे. मित्र बघत असताना ती वापरणं अवघड जातं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये ३०६ जणांना एक ड्रायव्हिंगचा संगणकी खेळ दिला. एकटं खेळताना १३ ते १६ वयाची मुलं प्रौढांच्या जवळपासच होती. दोस्त शेजारी बसले की या मुलांचे धोके जवळजवळ दुप्पट झाले. २४ च्या पुढच्यांवर फरक पडला नाही. नंतरच्या मेंदू-चित्रणात दिसलं की मित्रांच्या नजरेखाली बक्षिसाचा आनंद मोजणारा मेंदूचा भाग किशोरांत जास्त पेटतो.

म्हणून 'तुला एवढं कळत नाही?' या प्रश्नाचा उपयोग नाही. त्याला कळतं. उपयोग होतो तो आधी ठरवून ठेवलेल्या सबबीचा. 'बाबा किल्ली काढून घेतील' असं सांगायची मुभा त्याला द्या. मित्रांत मान न घालवता माघार घेता आली पाहिजे, एवढीच त्याची अडचण असते.

८. दादागिरी करणारी मुलं डोक्याने मठ्ठ असतात, हे खरं ना?

काही असतात, पण म्होरक्या बहुधा नसतो. १९९९ मध्ये सटन, स्मिथ आणि स्वेटनहॅम यांनी इंग्लंडमधल्या ७ ते १० वर्षांच्या मुलांना मन ओळखण्याच्या गोष्टी दिल्या. त्यात म्होरक्यांनी त्यांच्या मागे फिरणाऱ्यांपेक्षा आणि सोसणाऱ्यांपेक्षा चांगले गुण मिळवले. कुणाला कुठे बोचेल हे कळायलाही दुसऱ्याचं मन वाचावंच लागतं. त्यामुळे 'त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ' हा उपदेश म्होरक्याला करून भागत नाही. त्याचा भाव ज्या हशावर चालतो, तो हशा थांबवावा लागतो, म्हणजे काम बघ्यांबरोबर करावं लागतं.

९. मुलींमध्ये हे वेगळं असतं का?

मारामारी कमी, कुजबुज जास्त: कट्टी, गुपित फोडणं, वाढदिवसाला न बोलावणं. सिलेसेन आणि मेयो यांनी २००४ मध्ये पाचवी ते नववीपर्यंत मुलांचा मागोवा घेतला. वय वाढेल तसं अशा नातेतोड वागण्याने 'भाव' वाढतो आणि 'आवडणं' घटतं, असं दिसलं, विशेषतः मुलींत. पण आता मुलगेही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून हेच करतात. डोक्यावर होणारा परिणाम प्रश्न ५ सारखाच.

१०. स्थान फक्त वागण्यावरून ठरतं का? आडनाव, गरिबी, बोली यांचं काय?

हे विचारल्याबद्दल मी ऋणी आहे, कारण परदेशी पुस्तकांत याचं उत्तर नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरची भूलभुलैया कोडी सोडवायला दिली. प्रत्येक सुटलेल्या कोड्याचे पैसे मिळणार होते. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांत फरक दिसला नाही. सगळ्यांसमोर नाव, गाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेली कोडी लक्षणीय कमी झाली. मुलं तीच, कोडी तशीच. बदलली ती फक्त एक घोषणा.

आता आपल्या शाळा बघा. हजेरी आडनावाने. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी भर वर्गात प्रवर्गाने उभं करणं. 'ण'चा 'न' झाला, 'पानी' म्हटलं की हशा. सेमी-इंग्रजीत आलेल्या मुलाला इंग्रजी उताऱ्यावर पहिल्याच दिवशी उभं करणं. हे करणाऱ्या बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. पण परिणाम थेट मुलाच्या डोक्यातल्या पाटीवर होतो. फॉर्म कार्यालयातून एकेकट्याला देता येतात. त्याला एक रुपया खर्च येत नाही.

११. मुलगा घुमा आहे, कुणात फारसा मिसळत नाही. तोही 'नाकारलेला' का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. नाकारलेल्या मुलाला बाकीचे 'नको' म्हणतात. दुर्लक्षित मुलाला 'हवा'ही म्हणत नाहीत आणि 'नको'ही. कितीतरी शांत मुलं या दुसऱ्या गटात असतात आणि अभ्यासात छान असतात. एकटं बसून वाचण्यात त्यांना सुख असतं. ओळखायची खूण: तो एकटा असताना गुंतलेला असतो, की दुरून घोळक्याकडे बघत असतो?

शांतपणाची किंमत समाजाबरोबर बदलते हेही ध्यानात घ्या. शिन्यिन चेन यांनी शांघायच्या शाळांत १९९० मध्ये पाहिलं तेव्हा लाजरी मुलं वर्गात स्वीकारली जात होती, अभ्यासातही पुढे होती. २००२ मध्ये त्याच शहरात लाजरेपणाचा संबंध नाकारलं जाण्याशी आणि उदासीशी दिसला. मुलांचा स्वभाव एका तपात बदलत नाही. बदललं होतं ते शहर.

१२. 'मी दहावीत आहे. वर्गात मला एकच मैत्रीण आहे. एवढ्याने पुरतं का?'

पुरतं. वर्गातलं स्थान आणि मैत्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण वर्गात मागे असूनही ज्याला एक परस्पर मैत्री आहे (तुला ती आणि तिला तू), ते मूल त्रासापासून बरंच वाचतं, असं अभ्यास सांगतात. तुझं डोकं जेव्हा 'कुणी नाही' म्हणू लागेल, तेव्हा ते खोटं ठरवायला एक माणूस पुरेसा असतो. फक्त तिच्यावर सगळा भार टाकू नकोस. ती आजारी पडली त्या दिवशी डबा कुणाबरोबर खायचा, हे आधीच ठरवून ठेव.

१३. मुलीला 'अ' तुकडीत शेवटी बसवावं, की 'ब' तुकडीत पहिली राहू द्यावं?

'वासरांत लंगडी गाय शहाणी' ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. संशोधन त्या गायीची बाजू घेतं. हर्बर्ट मार्श १९८० च्या दशकापासून दाखवत आले आहेत की तेवढ्याच कुवतीचं मूल जास्त हुशार वर्गात गेलं की स्वतःला कमी हुशार समजू लागतं. मर्फी आणि वाइनहार्ट यांनी इंग्लंडमधली आकडेवारी तपासून २०२० मध्ये लिहिलं की प्राथमिक शाळेत वर्गातला क्रमांक वर असलेली मुलं, गुण तेवढेच असूनही, माध्यमिकमध्ये पुढे गेली.

पण 'अ' तुकडीला जर चांगले शिक्षक मिळत असतील आणि 'ब'ला बदली शिक्षक, तर मी 'अ' म्हणेन. तिथे क्रमांकाची चर्चा घरात बंद ठेवा. खरं तर गुणांवरून तुकड्या पाडूच नयेत असं माझं ठाम मत आहे. अकरा वर्षांच्या मुलाला 'तू क तुकडीचा' हे रोज हजेरीला ऐकवायची गरज नाही.

१४. लाइक्स कमी आले तर मुलगी तासन् तास अस्वस्थ असते. याचा विचारांवर परिणाम होतो?

लॉरेन शेर्मन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १३ ते १८ वयाच्या ३२ मुलांना इन्स्टाग्रामसारखे फोटो दाखवले. लाइक्सचा आकडा संशोधकांनीच टाकलेला होता. जास्त लाइक्सच्या फोटोला मुलांनी जास्त पसंती दिली. धोकादायक कृत्यांचे फोटो बघताना आवर घालणाऱ्या मेंदूच्या भागांतली हालचाल घटली. गट लहान आहे, एवढ्यावर मोठा निष्कर्ष काढू नये. पण शाळेत स्थानाचा हिशोब शाळा सुटल्यावर तरी थांबायचा. आता तो उशाशी चालू राहतो आणि झोप खातो, आणि झोप गेली की पाटी दुसऱ्या दिवशी नक्की लहान होते. फोन रात्री दुसऱ्या खोलीत, घरातल्या मोठ्यांचेसुद्धा.

१५. मी वर्गशिक्षक आहे. समाजमितीची चाचणी घेऊ का?

घ्या, पण नकारात्मक प्रश्न ('कोण नको?') विचारू नका. 'सहलीत कुणाशेजारी बसायला आवडेल? तीन नावं' एवढं पुरे. चिठ्ठ्या तुमच्याशिवाय कुणी पाहायच्या नाहीत, निकाल मुलांना सांगायचा नाही. एका शाळेत असा तक्ता शिक्षकखोलीच्या भिंतीवर लावलेला मी पाहिला आहे. मुलं तिथे खडू आणायला येत होती.

ज्याचं नाव कुणीच लिहिलं नाही त्याला दया दाखवून काही होत नाही, त्याची गरज निर्माण करावी लागते. एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला, वेगवेगळ्या वंशांची मुलं प्रथमच एका वर्गात आल्यावर, हेच केलं. धडा पाच-सहा तुकड्यांत वाटायचा, प्रत्येकाकडे एकच तुकडा, आणि परीक्षा पूर्ण धड्यावर. मग गटातल्या लिंबूटिंबूचंही ऐकून घ्यावंच लागतं.

१६. आठवीतला 'हिरो' पुढेही हिरो राहतो का?

जोसेफ अ‍ॅलन यांनी १८४ मुलांना १३ ते २३ वर्षांपर्यंत पाहिलं. तेराव्या वर्षी मोठ्यांसारखं वागून भाव मिळवणारी मुलं तेविशीत मैत्री टिकवण्यात मागे पडली आणि दारू-नशेच्या अडचणीत जास्त सापडली. 'आवडती' मुलं वेगळी (प्रश्न १), त्यांना हे लागू नाही.

१७. ग्रुपमधून काढल्याच्या काळातच आयक्यू चाचणी झाली आणि गुण कमी आले. तो निकाल खरा मानायचा का?

त्या दिवसापुरता खरा. प्रश्न ५ मधलं सगळं इथे लागू होतं: चाचणी तर्क आणि पाटी मोजते, आणि नेमकं तेच त्या काळात व्यापलेलं असतं. चाचणी घेणाऱ्यांना परिस्थिती सांगा, अहवालात नोंद करायला लावा आणि मूल सावरल्यावर पुन्हा घ्या. तोवर त्या आकड्यावरून शाळा, माध्यम किंवा शाखा बदलू नका, आणि तो आकडा मुलाला सांगू नका. मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल किंवा 'मी नसतो तर बरं' असं बोलत असेल, तर चाचणीचा विषय बाजूला ठेवून आजच बोला. टेलि-मानस १४४१६ वर मराठीतून बोलता येतं, आणि १०९८ या चाइल्डलाइनवर मूल स्वतःही फोन करू शकतं.